वरातीच्या चालीचा कॅम

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. मोटारीच्या इंजिनावर बोलणार आहे असं सांगितल्यावर आमच्या गल्लीतलेच दोघे हसले. पण श्रोतेहो, घरात प्रीमियर पद्मिनी असली की इंजिन कळो न कळो, त्याच्याशी बोलावं लागतंच. थंडीत सकाळी जरा जास्तच बोलावं लागतं.

अलीकडे सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यात जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणणारी तरुण मुलं भेटतात. कुणाच्या आजोबांची ॲम्बॅसिडर गोठ्याशेजारी पडलेली असते, कुणाला मामाची फियाट मिळालेली असते. खिशात पैसा बेताचा, हौस मात्र भरपूर. इंजिन खोललं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कॅम कुठला घालू? प्रश्न बरोबर आहे. फक्त तो विचारताना त्यांच्या कानात बहुधा शर्यतीच्या गाडीचा आवाज घुमत असतो आणि सगळा घोटाळा तिथे सुरू होतो.

आधी पद्मिनीची ओळख. आपल्या सांगलीत विश्रामबागला ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० ची बांधणी होऊ लागली आणि १९७४ पासून त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. लोकांनी मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हटलं. उत्पादन थांबून पंचवीस वर्षं होऊन गेली आणि मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती. आजच्या एखाद्या मोटारसायकलीलाही एवढी ताकद असते. तेव्हा या इंजिनाकडून काय मागायचं याचा अंदाज असलेला बरा.

आता कॅम म्हणजे काय ते, वर्कशॉप न पाहिलेल्यांसाठी. इंजिनाच्या पोटात एक लांब दांडा असतो आणि त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. पद्मिनीत असे आठ, चार सिलिंडरच्या आठ व्हॉल्व्हसाठी. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा सरला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. इंजिन हवा-पेट्रोल आत ओढतं, दाबतं, पेटवतं आणि धूर बाहेर टाकतं. या चार कामांत क्रँकचे दोन फेरे होतात, कॅमचा एक. मिरजेच्या माणसाला सांगायचं तर कॅम ठाय लयीत चालतो आणि क्रँक दुगुनीत. दोघांची सम चुकली की मैफल बसली.

हे तालाचं मी उगाच ओढून आणत नाही. अल-जझरी नावाचा एक कारागीर आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकरच्या दरबारात होता. त्याने १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा केला. त्यात पाण्याच्या जोरावर फिरणारे दांडे आहेत, त्यांवर उंचवटे आहेत, आणि ते उंचवटे तरफा दाबून पुतळ्यांच्या हातून वाद्यं वाजवतात. मोटारीच्या सातशे वर्षं आधी हा दांडा ताल धरत होता, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

कॅमची निवड म्हणजे त्या उंचवट्याच्या आकाराची निवड. उंची किती, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडणार. रुंदी किती, म्हणजे तो किती वेळ उघडा राहणार. हा वेळ क्रँकच्या अंशांत मोजतात. रस्त्यावरच्या साध्या जुन्या इंजिनात हा आकडा साधारण २३० ते २५० अंश असतो, शर्यतीच्या इंजिनात ३०० च्या आसपास जातो. इथे एक सावधगिरी. हे अंश कुठून मोजले ते विचारल्याशिवाय दोन दुकानांचे आकडे शेजारी ठेवू नका. कुणी टॅपेट जरासा हलल्यापासून मोजतो, कुणी तो पन्नास थाऊ उचलला गेल्यावर. एकच कॅम एकाच्या कागदावर २७० चा दिसेल आणि दुसऱ्याच्या कागदावर २२० चा.

रुंद उंचवट्याचा कॅम का घालतात? वेगात इंजिनाला श्वास घ्यायला वेळ कमी पडतो म्हणून. आत येणाऱ्या हवेला स्वतःचा एक रेटा असतो. पिस्टन खाली जाऊन परत वर निघाला तरी रेट्याने हवा आत येतच राहते, म्हणून दार उशिरा लावायचं. पण हा रेटा फक्त वेगात असतो. कऱ्हाडच्या एस.टी. स्टँडवर पाहा. सणाच्या गर्दीत कंडक्टरने दार उशिरा लावलं तर आणखी चार माणसं आत घुसतात. दुपारी बस अर्धी रिकामी असताना दार उघडं ठेवलं तर बसलेली माणसंच उतरून चहाला जातात. कमी फेऱ्यांवर तसंच होतं. वर निघालेला पिस्टन आत आलेली हवा परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. इंजिन थरथरतं, गुरगुरतं, धूर काढतं. मुलांना तो आवाज फार आवडतो. पण तो ताकदीचा आवाज नव्हे, तो मोकळ्या दाराचा आवाज.

पद्मिनीचा कॉम्प्रेशन रेशो आठाच्याही आतला. मुळात दाब कमी, त्यात दार उशिरा लावलं की असलेला दाबही निसटतो. मग गाडीला जोर येतो तो चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या वर. आपण ताशी ६० ने चाललो असताना पद्मिनी टॉप गिअरमध्ये दोन ते तीन हजार फेऱ्यांच्या दरम्यान असते. म्हणजे ज्या खोलीत आपण राहत नाही तिथे झुंबर लावायचं आणि स्वयंपाकघरात अंधार.

आता आमच्या घरची गोष्ट. गाडी माझ्या थोरल्या भावाची. मिरजेला दवाखान्यासाठी येणारे नातेवाईक स्टेशनवरून आणणं, पोहोचवणं हे काम त्या गाडीने वर्षानुवर्षं केलं. भाऊ गेल्यावर ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. त्याचा मुलगा नोकरीला लागला आणि पहिल्या दीड वर्षात त्याने पंचेचाळीस हजार रुपये बाजूला टाकले, फक्त या इंजिनासाठी. बोअरिंग, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट यांचा हिशोब केला तेव्हा कॅम, टॅपेट, व्हॉल्व्ह, स्प्रिंग या सगळ्याला मिळून उरले बारा हजार. आणि पोराच्या डोक्यात होता शर्यतीचा कॅम. म्हणाला, "चाचा, गाडी स्टार्ट केली की गल्लीला कळलं पाहिजे." मी म्हटलं, "बाबा, तुझ्या अब्बांनी वीस वर्षं ही गाडी अशी चालवली की शेजारच्या आजारी माणसाची झोप मोडली नाही." तो गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, मोठ्यांपुढे बोलायचं नाही म्हणून. तसं गप्प बसणं मला आवडत नाही. म्हणून मी त्याला घेऊन मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी कॅमचं नावच काढलं नाही. विचारलं, "ही गाडी जाणार कुठं-कुठं?" आम्ही सांगत गेलो. दर दोन आठवड्यांनी साताऱ्याला, माझ्या आईला बहिणीकडे न्यायला-आणायला. आष्टा, पेठ नाका, कऱ्हाड, सातारा. सांगलीपासून पेठ नाक्यापर्यंत सपाट रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत. पुढे हायवे. साताऱ्यात कधी पाहुणे आले की यवतेश्वरचा घाट चढून कासला. आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नात नवरदेवाची गाडी हीच. मिस्त्री हसले. म्हणाले, "मग वरातीचा कॅम बघा."

विनोद वाटला, पण विचार करा. मे महिना, ऊन उतरलेलं नाही, पुढे बँड, त्यापुढे नाचणारी पोरं, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच धरत-सोडत दोन तासांत दोन किलोमीटर सरकते. तिथे सातशे-आठशे फेऱ्यांवर इंजिन शांत चाललं पाहिजे. शर्यतीचा कॅम घातलेलं इंजिन हजार-बाराशेच्या खाली टिकत नाही. क्लच सोडला की गचका, नाहीतर बंद. नवरदेवाला उतरून धक्का मारायला लावणार का? यवतेश्वरच्या चढावरही तेच, वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पडली की खालच्या फेऱ्यांवर ओढ हवी.

पुतण्या इथे पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. म्हणाला, मग ॲम्बॅसिडरचं काय? तिच्या १४८९ सीसी इंजिनाच्या भावंडावर इंग्रजांनी एम.जी. स्पोर्ट्स कार काढली, तिथे सत्तरच्या आसपास अश्वशक्ती आणि आपल्याकडे पन्नास. मुद्दा खरा होता. पण एम.जी.ला नुसता वेगळा कॅम नव्हता. दोन कार्ब्युरेटर होते, कॉम्प्रेशन जास्त होतं, गाडी हलकी होती. तोंड मोठं करायचं तर फुप्फुसं, नाक, छाती सगळंच मोठं करावं लागतं. बारा हजारांत एकटा कॅम मोठा होतो, बाकी तसंच राहतं.

मग मिस्त्रींनी जुना दांडा धुऊन, पुसून समोर ठेवला आणि मायक्रोमीटर पुतण्याच्या हातात दिला. म्हणाले, आठही उंचवटे मोज आणि कागदावर लिही. इथे आमचा अख्खा रविवार गेला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाचले. सहा उंचवटे एकमेकांशी जुळत होते. दोन मात्र जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने बुटके. ते दोन्ही तिसऱ्या सिलिंडरचे. त्यांच्याखालचे टॅपेट उलटे करून पाहिले तर तळाला बशीसारखा खळगा. गाडी वर्षानुवर्षं का लंगडत होती ते कळलं. त्या काळात कार्ब्युरेटर तीनदा बदलला गेला होता, प्लग तर मोजलेच नाहीत. जे पोर गाडीला नवीन ताकद शोधत होतं, त्याला आधी हरवलेली ताकद सापडली.

पुढचा प्रश्न दांडा आणायचा कुठून. जुन्या बाजारात भंगार गाड्यांचे कॅम मिळतात, स्वस्त मिळतात. मायक्रोमीटर खिशात असेल तरच तिकडे जावं. दुसरी वाट म्हणजे आपलाच दांडा पुन्हा घासून घेणं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर अशा कामांसाठी आपल्या भागात प्रसिद्ध आहे. घासण्यात गंमत अशी की उंचवटा वाढवता येत नाही. धातू चिकटत नाही, फक्त निघतो. म्हणून उंचवट्याच्या पायथ्याचा गोल लहान करतात, म्हणजे फरक तेवढाच राहतो. पण कॅम ओतीव असो की घडीव, त्याच्यावरचा कडक थर थोडाच जाड असतो. तो घासला गेला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि काही महिन्यांत कॅम पुन्हा बुटका. अर्धा मिलिमीटर झिजलेल्या दांड्यावर हे धाडस मिस्त्रींना नको होतं.

हा कडक थर कसा येतो ते ऐकण्यासारखं आहे. ओतीव कॅमच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडाचे गार ठोकळे बसवतात. तापलेला रस त्यांना टेकला की तेवढाच भाग झटकन थंड होतो आणि काचेसारखा कठीण बनतो, मधला दांडा सावकाश थंड होऊन चिवट राहतो. आपल्या सोलापुरात १९९२ साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी याच धर्तीचे कॅम बनवते आणि ते परदेशी मोटारींत बसतात. वालचंदांच्या जन्मगावी आज जगाच्या मोटारींचे कॅम ओतले जातात आणि आम्ही त्यांच्या जुन्या फियाटसाठी एक दांडा शोधत फिरत होतो.

घासण्याबद्दल बोलताना मला मिरजेचे सतारमेकर आठवतात. तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंबोऱ्याकडे वळले, ही कहाणी आपल्याला माहीत आहे. त्यांची जवारी काढण्याची कला पाहा. घोडीच्या पाठीला कानशीचा एक हलका हात फिरतो, डोळ्यांना काही दिसत नाही, पण तार बोलायला लागते. एक हात जास्त झाला की स्वर बसतो आणि घोडी बदलावी लागते. कॅम घासणाऱ्याचं काम तितकंच नाजूक, फक्त त्याला नंतर कुणी दाद देत नाही.

शेवटी मुंबईहून एका जुन्या स्पेअरवाल्याकडून न वापरलेला, मूळ आकाराचा कॅम मिळाला. ग्रीस वाळून गेलेलं, कागद पिवळा पडलेला. पोस्टखर्चासह बारा हजारांतले निम्म्याहून कमी गेले. पुतण्याने आठ उंचवटे मोजले, आठही सारखे. उरलेल्या पैशांत आठ टॅपेटचे तळ घासून घेतले, व्हॉल्व्ह स्प्रिंगा नवीन घेतल्या, व्हॉल्व्हच्या सीट कापून घेतल्या. टॅपेटच्या बाबतीत कंजुषी करू नका, हे मी हात जोडून सांगतो. टॅपेटचा तळ अगदी किंचित फुगीर असतो आणि उंचवटा किंचित तिरपा, म्हणून टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरतो आणि झीज वाटली जाते. खळगा पडलेला टॅपेट फिरत नाही, तो नव्या कॅमला रंध्यासारखा तासतो. नवा कॅम आणि जुना टॅपेट हा संसार टिकत नाही.

पुतण्याची हौस अगदीच मारली असंही नाही. मिस्त्रींनी त्याला एक युक्ती दाखवली. कॅम तोच, पण क्रँकच्या मापाने चार अंश पुढे बसवायचा. म्हणजे आत येण्याचं दार थोडं लवकर बंद होतं, दाब थोडा जास्त धरला जातो आणि खालच्या फेऱ्यांवर ओढ वाढते. वरच्या टोकाला थोडं जातं, पण तिथे आम्हाला जायचंच नव्हतं. यासाठी पुठ्ठ्याच्या गोल तबकडीवर ३६० अंश आखून ती क्रँकच्या टोकाला लावली, तारेचा काटा केला आणि डायल गेज एका दिवसासाठी मागून आणला. त्यानंतर पिस्टनच्या डोक्यावर पोरांच्या खेळण्यातली माती ठेवून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. हेड काढून माती कापली आणि व्हॉल्व्ह किती जवळ येतो ते मोजलं. भरपूर जागा होती. कॅम मोठा घालणाऱ्याने किंवा पुढे-मागे करणाऱ्याने ही माती चुकवू नये. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर बारा हजार नव्हे, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जातात.

कागदपत्रांचंही थोडं. पी.यू.सी.ची चाचणी गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असताना होते. दोन्ही दारं एकदम उघडी ठेवणारा कॅम तिथेच कच्चं पेट्रोल धुरात सोडतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला जाल तेव्हा हे आठवेल. आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणीची सोय केली आहे, पण गाडी मूळ रूपात हवी आणि रोजच्या वापराला ती नोंदणी चालत नाही. आज पंपावर येणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याने मिश्रण आणखी पातळ होतं. मंद चालीवर कुरकुरणाऱ्या इंजिनाला हे मानवत नाही.

नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. उंचवट्यांना आणि टॅपेटच्या तळाला घट्ट वंगण लावलं होतं. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच तपासून ठेवलं, म्हणजे स्टार्टर उगाच घरघरायला नको. इंजिन लागल्याबरोबर ते दोन हजार फेऱ्यांवर नेलं आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत ठेवलं. मंद चालीवर कॅमला तेल कमी मिळतं, टॅपेटवर दाब मात्र पुरा असतो, नवा कॅम तिथेच मरतो. तेलाबद्दल मिस्त्रींचा आग्रह होता की आजच्या गाड्यांचं पातळ तेल नको. त्यात टॅपेटचं रक्षण करणारं जस्त आणि फॉस्फरस कमी केलेलं असतं, धूर साफ करणाऱ्या यंत्रणेला ते बाधतं म्हणून. आमच्या गाडीला ती यंत्रणाच नाही. जुन्या इंजिनांसाठीचं घट्ट तेल घातलं.

वीस मिनिटांनंतर पुतण्याने पाय काढला. इंजिन हळूहळू खाली आलं आणि आठशेवर थांबलं. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला होता, त्यातलं पाणी जरा थरथरलं, सांडलं नाही. "आवाजच नाही, चाचा," तो म्हणाला. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही.

गेल्या महिन्यात आईला घेऊन तो एकटाच साताऱ्याला जाऊन आला, येताना यवतेश्वर चढून उतरला. पाचशे किलोमीटर झाल्यावर तेल काढलं, त्यातून लोहचुंबक फिरवलं, बोटाला राखाडी मळी लागली, चुरा नाही. टॅपेटची फट पुन्हा लावली, एकाचीच जराशी सरकली होती. आता तो कार्ब्युरेटरच्या जेटचं विचारतोय. त्यासाठी पुन्हा मिस्त्रींकडे जावं लागेल, आणि ते म्हणतात, लग्नसराई संपू द्या.